अमेरिकेतल्या वांशिक ग्रंथपाल संघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयशास्त्र शिकणारी मुले, गावोगावच्या वाचनालयांचे कार्यकर्ते आणि परदेशात स्थायिक झालेले मराठी पालक या विषयावर बरेचदा तेच प्रश्न विचारतात. उत्तरे एका जागी मिळावीत म्हणून हे पान केले आहे. भर मुख्यतः अमेरिकेतल्या पाच संघटनांवर आहे, कारण तिथे या कामाला पन्नासहून अधिक वर्षांची सलग परंपरा आहे.

वांशिक ग्रंथपाल संघटना म्हणजे नेमके काय?

एखाद्या समाजातल्या ग्रंथपालांनी आपल्या समाजाच्या वाचकांसाठी आणि आपल्या व्यवसायबंधूंसाठी काढलेली संघटना. अमेरिकेत अशा पाच प्रमुख संघटना आहेत. कृष्णवर्णीय ग्रंथपालांची 'ब्लॅक कॉकस' 1970 ची. लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या समाजासाठी काम करणारी 'रिफॉर्मा' 1971 ची. 'चायनीज अमेरिकन लायब्रेरियन्स असोसिएशन'ची सुरुवात 1973 मध्ये झाली, मूळ रहिवाशांची 'अमेरिकन इंडियन लायब्ररी असोसिएशन' 1979 मध्ये निघाली आणि आशियाई व पॅसिफिक बेटांवरच्या वंशाच्या ग्रंथपालांची 'अपाला' 1980 मध्ये. या पाचही 'अमेरिकन लायब्ररी असोसिएशन' म्हणजे एएलए या मुख्य संघटनेशी संलग्न आहेत. मात्र प्रत्येकीची कार्यकारिणी, वर्गणी आणि घटना स्वतंत्र आहे.

सगळ्या ग्रंथपालांची एक मोठी संघटना असताना वेगळी चूल कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. 'यामुळे फूट पडत नाही का?' असाही सूर त्यात असतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

एएलएची स्थापना 1876 ची. पण 1936 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात तिचे अधिवेशन भरले तेव्हा कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनाच्या हॉटेलात खोली मिळाली नाही, जेवणाच्या कार्यक्रमांना प्रवेश मिळाला नाही आणि सभागृहात त्यांना वेगळ्या भागात बसवण्यात आले. ही वागणूक व्यवसायबंधूंनाच मिळाली होती, मग वाचकांची स्थिती काय असेल? दक्षिणेतल्या कितीतरी गावांत मुख्य सार्वजनिक वाचनालय फक्त गोऱ्यांसाठी असे. कृष्णवर्णीयांसाठी एक तर काहीच नसे किंवा जुन्यापान्या पुस्तकांची एखादी खोली असे. 27 मार्च 1961 रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगलू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या वाचनालयात गेले, आपल्या वाचनालयात न मिळणारी पुस्तके त्यांनी मागितली आणि टेबलांशी बसून ते शांतपणे वाचू लागले. पोलिसांनी त्यांना अटक केली. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या माणसांचा इतिहास ज्यांना घरचा आहे, त्या मराठी वाचकांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

यानंतर ई. जे. जोसी यांचे नाव येते. ते जॉर्जियातल्या सव्हाना स्टेट कॉलेजचे ग्रंथपाल होते आणि त्यांच्याच राज्याची ग्रंथपाल संघटना त्यांना सभासद करून घेत नव्हती. 1964 मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताहातल्या कामाबद्दल मिसिसिपीच्या संघटनेचे कौतुक जाहीर झाले. कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्यावे लागू नये म्हणून एएलएपासून फुटून निघालेली हीच ती संघटना. जोसी संतापून उठले आणि त्यांनी ठराव मांडला: जी राज्य संघटना वर्णभेद पाळते, तिच्या सभांना एएलएच्या पदाधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी अधिकृतपणे जायचे नाही. ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी जोसी जॉर्जियाच्या संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले.

ठराव झाला तरी सवयी लगेच सुटत नाहीत. सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुले येऊ लागली तेव्हा दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी घाईघाईने खासगी शाळा निघाल्या आणि काही वाचनालये त्यांना पुस्तके पुरवत होती. 1970 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात जोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॅक कॉकस उभी केली आणि हा मुद्दा धसास लावला. पुढे 1984-85 मध्ये हेच जोसी एएलएचे अध्यक्ष झाले. वेगळी संघटना काढणारा माणूस मुख्य संघटनेच्या खुर्चीवर बसला, यातच फुटीच्या आक्षेपाचे उत्तर आले. वाचनालयांतल्या वर्णभेदाबद्दल एएलएने औपचारिक माफीचा ठराव केला तो मात्र 2018 मध्ये.

बाकीच्या चार संघटना कशा निघाल्या?

रिफॉर्मा ही आर्नुल्फो त्रेहो यांनी डलास येथे सुरू केली. चिनी ग्रंथपालांची मध्य-पश्चिमेत एक आणि कॅलिफोर्नियात एक अशा दोन संघटना होत्या, त्या 1983 मध्ये एकत्र आल्या. मूळ रहिवाशांच्या संघटनेला 1978 च्या डेन्व्हर परिषदेची पार्श्वभूमी होती. राखीव वस्त्यांवर आणि त्यांच्या आसपास ग्रंथालयसेवा कशी द्यावी, हा त्या परिषदेचा विषय होता.

अपालाबद्दल मराठी वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे तिच्या संस्थापकांत आणि सुरुवातीच्या अध्यक्षांत शरद कारखानीस होते. ब्रुकलिनच्या किंग्सबरो कम्युनिटी कॉलेजात ते ग्रंथपाल आणि प्राध्यापक होते. आपल्याकडे साहित्य संमेलनांत परदेशस्थ लेखकांचा उल्लेख होतो, पण परदेशातल्या वाचनालयांत आयुष्य घालवलेल्या या माणसाचे नाव फारसे कुणी घेत नाही. ते घ्यायला हवे.

'विविधता वाढवणे' हे ऐकायला छान आहे, पण प्रत्यक्षात काय करतात?

माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा एका प्रश्नात आहे: देवघेवीच्या काउंटरमागे कोण बसते आणि पुस्तकखरेदीच्या यादीवर सही कोण करते? कपाटात कुठली पुस्तके येतात आणि दारात आलेल्या माणसाला आत यावेसे वाटते की नाही, हे त्यावर ठरते. म्हणून या संघटनांचा सर्वांत जास्त पैसा आणि वेळ माणसे घडवण्यात जातो.

अमेरिकेत ग्रंथपाल व्हायला सहसा पदव्युत्तर पदवी लागते आणि ती महाग असते. त्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत. ब्लॅक कॉकसची एक शिष्यवृत्ती जोसींच्याच नावाने दिली जाते. एएलएने 1997 मध्ये 'स्पेक्ट्रम' ही मोठी शिष्यवृत्ती सुरू केली. शिष्यवृत्तीच्या रकमेइतकेच महत्त्व तिच्याबरोबर मिळणाऱ्या ज्येष्ठ मार्गदर्शकाला आहे. मुलाखतीची तयारी कशी करावी, अधिवेशनात निबंध कसा सादर करावा, साहेबाने विनाकारण डावलले तर कुणाशी बोलावे, हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. ते आपल्यासारख्याच वाटेने आधी गेलेल्या माणसाकडून कळते.

याचे फळ वरच्या पायऱ्यांवर दिसते. लोरीन रॉय 2007 मध्ये एएलएच्या अध्यक्ष झाल्या, त्या मूळ रहिवासी समाजातल्या पहिल्या. कामिला अलिरे 2009 मध्ये पहिल्या लॅटिना अध्यक्ष झाल्या, त्याआधी त्यांनी रिफॉर्माचे अध्यक्षपद सांभाळले होते. 2016 मध्ये कार्ला हेडन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या, प्रमुख झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

खालच्या पायऱ्यांवर मात्र चित्र तितके बदललेले नाही. एएलएने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार पदवीधर ग्रंथपालांपैकी सुमारे 88 टक्के गोरे होते. चाळीस वर्षांच्या प्रयत्नांनंतरचा हा आकडा आहे. तो वाचून वाईट वाटते आणि काम किती शिल्लक आहे तेही कळते.

पुस्तकांना पुरस्कार देऊन साक्षरता कशी वाढते?

आपल्याकडे पुरस्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि फोटो, म्हणून हा प्रश्न पडतो. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकाला एएलएच्या परिवारातला पुरस्कार मिळाला की देशभरातल्या शाळा आणि सार्वजनिक वाचनालये ते विकत घेतात. त्यामुळे प्रकाशकाला पुढची आवृत्ती काढणे परवडते आणि त्याच समाजातल्या दुसऱ्या लेखकाचे हस्तलिखित तो उघडून बघतो. मुलाच्या हातात स्वतःसारखा चेहरा असलेले पुस्तक पडायला हा सगळा व्यवहार व्हावा लागतो.

रिफॉर्मा आणि एएलएचा बालविभाग मिळून 1996 पासून 'पुरा बेलप्रे पुरस्कार' देतात. तो लॅटिनो लेखक आणि चित्रकारांच्या बालपुस्तकांसाठी आहे. अपालाचे साहित्य पुरस्कार 2001 पासून आहेत. मूळ रहिवाशांच्या संघटनेचा बालसाहित्य पुरस्कार 2006 पासून दर दोन वर्षांनी दिला जातो. ब्लॅक कॉकस प्रौढ साहित्यालाही पुरस्कार देते.

पुरा बेलप्रे कोण होत्या, हे थोडे थांबून सांगण्यासारखे आहे. पोर्तो रिकोतून आलेली ही तरुणी 1921 मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधल्या 135 व्या रस्त्यावरच्या शाखेत कामाला लागली. त्या ग्रंथालयात नोकरी मिळवणारी ती पहिली पोर्तो रिकन. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला कपाटातल्या एकाही पुस्तकात सापडल्या नाहीत. मग तिने त्या मुलांना सांगायला सुरुवात केली, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. मेणबत्ती लावायची, गोष्ट सांगायची, हातात स्वतः बनवलेल्या बाहुल्या नाचवायच्या. 'वाचनालय इंग्रजीवाल्यांचे' असे समजून आजवर दारापर्यंतही न आलेल्या आया मुलांचा हात धरून आत येऊ लागल्या. 1932 मध्ये तिची एक गोष्ट पुस्तकरूपाने छापून आली. एका ग्रंथपालाने काय करता येते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

साक्षरतेसाठी थेट कोणते उपक्रम आहेत?

कामिला अलिरे यांनी आपल्या अध्यक्षीय वर्षात, 2009-10 मध्ये, पाचही संघटनांना कौटुंबिक साक्षरतेवर एकत्र आणले. प्रत्येकीला एकच साचा द्यायचा नाही, आपापल्या समाजाला शोभेल असा उपक्रम आखायचा, असे ठरले. त्यातून जे निघाले ते पाहण्यासारखे आहे.

ब्लॅक कॉकसने 'रीडिंग इज ग्रँड' सुरू केले. नातवंडांना आजी-आजोबाच वाढवतात अशी कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबे आहेत. मग वाचनाचा कार्यक्रम आईवडिलांना धरून का आखायचा? या उपक्रमात आजी-आजोबा पाहुणे नसतात, तेच मुख्य असतात. चिनी संघटनेने कापडी पिशव्या तयार केल्या. आजी आणि नातवंड दोघांना मिळून उघडता येईल असे पुस्तकांचे आणि खेळांचे साहित्य त्यांत भरलेले, म्हणजे चिनी वाचणारी आजी आणि इंग्रजी वाचणारे नातवंड एकाच पिशवीपाशी बसतील. रिफॉर्माने 'नोचे दे क्वेंतोस' म्हणजे गोष्टींची रात्र आणली. सगळे कुटुंब संध्याकाळी वाचनालयात जमते आणि मोठी माणसे आपापल्या गावच्या गोष्टी सांगतात. अपाला आणि मूळ रहिवाशांची संघटना यांनी मिळून 'टॉक स्टोरी' काढले. दोघांच्याही परंपरेत तोंडी सांगण्याला मान आहे, हा त्यांना जोडणारा धागा. यासाठी वाचनालयांना दिलेले अनुदान फार मोठे नसे, काहीशे डॉलर. पुस्तके, खाऊ, हस्तकलेचे सामान आणि गोष्ट सांगणाऱ्याचे मानधन एवढ्यात भागत असे.

या सगळ्यांत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याला इंग्रजी अक्षर येत नाही अशा म्हाताऱ्या माणसाला इथे कुणी 'निरक्षर' म्हणून कोपऱ्यात बसवत नाही. त्याच्याजवळची गोष्ट हेच भांडवल धरले जाते, आणि नातवंड वाचायला शिकते ते त्या गोष्टीच्या ओढीने.

याखेरीज 30 एप्रिल हा 'दिया' म्हणजे मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस अमेरिकेत अनेक वाचनालयांत साजरा होतो. लेखिका पॅट मोरा यांनी 1996 मध्ये ही कल्पना मांडली आणि रिफॉर्माने ती उचलून धरली. आता तिथे केवळ स्पॅनिशच नाही, जी भाषा परिसरात बोलली जाते तिच्यात गोष्टी होतात.

आंतरराष्ट्रीय काम कसे चालते?

सर्वांत पद्धतशीर काम चिनी संघटनेचे. 2009-10 च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाबरोबर तिने एक देवाणघेवाण प्रकल्प चालवला. अमेरिकेतले ग्रंथपाल चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांत जाऊन तिथल्या ग्रंथपालांना शिकवत आणि चिनी ग्रंथपाल अमेरिकेत येऊन कामकाज पाहत. दोन्ही भाषा आणि दोन्हीकडच्या कचेऱ्यांच्या रीती ठाऊक असलेली माणसे मध्ये नसती तर हे जमले नसते.

स्पॅनिश पुस्तके हवी असतील तर ती जिथे छापली जातात तिथे जायला हवे, म्हणून अमेरिकेतले ग्रंथपाल दरवर्षी मेक्सिकोत ग्वादालाहाराच्या पुस्तक जत्रेला जातात आणि स्वतः पाने उलटून खरेदी करतात. 2014 मध्ये मध्य अमेरिकेतून आईवडिलांविना हजारो मुले सीमेवर आली तेव्हा रिफॉर्माच्या ग्रंथपालांनी स्पॅनिश पुस्तके गोळा करून टेक्सासमधल्या मॅकॲलनसारख्या ठिकाणी निवाऱ्यात पोचवली. ज्या मुलाजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही, त्याला स्वतःचे म्हणून एक पुस्तक मिळाले. मला हे काम परिषदा आणि करारांपेक्षा मोठे वाटते.

भारताशी, मराठीशी याचा संबंध काय?

या संघटना निघण्याच्या कितीतरी आधीपासूनचा संबंध आहे. 1910 मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. 1913 पर्यंतच्या तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांना शिकवण्याचे वर्ग सुरू झाले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली.

दुसरा धागा पुस्तकांचा आहे. जुन्या पिढीला पीएल-480 चा, म्हणजे अन्नमदतीच्या अमेरिकी कायद्याखाली आलेला, अमेरिकन गहू आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत दिले आणि त्यांतल्या काही रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवली गेली. त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1962 मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले. म्हणून शिकागोसारख्या विद्यापीठात आजही मराठीचे मोठे दालन आहे.

अमेरिकेतल्या आमच्या वाचनालयात मराठी पुस्तके हवी आहेत. काय करावे?

बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत खरेदीसाठी सुचवण्याचा अर्ज असतो. त्यात 'मराठी पुस्तके आणा' एवढेच लिहू नका. शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि आयएसबीएन म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक द्या. मराठी न वाचणाऱ्या ग्रंथपालाला पुस्तक कुठून मागवायचे आणि नोंद कशी करायची ही खरी अडचण असते. तुमच्यापैकी कुणी नोंदणीला मदत करायला तयार असेल तर तेही सांगा. पुस्तके आली की ती घरी न्या, कारण खरेदी चालू ठेवायची की नाही हे देवघेवीचा आकडा पाहून ठरते. दरम्यान विद्यापीठांतली मराठी पुस्तके आंतरग्रंथालयीन देवघेवीतून अनेकदा गावातल्या वाचनालयात मागवता येतात.

सभासद होण्यासाठी त्या वंशाचे असावे लागते का?

नाही. संघटनेचे उद्दिष्ट मान्य असेल तर कुणालाही होता येते.

पाचही संघटना एकत्र काम करतात का?

करतात. 2006 मध्ये डलासला त्यांचे पहिले संयुक्त अधिवेशन झाले. नंतर कॅन्सस सिटी, अल्बुकर्की आणि फ्लोरिडा येथे झाली. 2015 मध्ये त्यांची संयुक्त परिषदही औपचारिकपणे स्थापन झाली.

सध्या या कामापुढे कोणत्या अडचणी आहेत?

मोठ्या आहेत. गेल्या काही वर्षांत शाळा आणि वाचनालयांतून पुस्तके काढून टाकण्याच्या मागण्या वाढल्या आणि त्यांत कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य लेखकांची पुस्तके मोठ्या प्रमाणात सापडली. मार्च 2025 मध्ये ग्रंथालयांना अनुदान देणाऱ्या केंद्रीय संस्थेला कात्री लावण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला. मे 2025 मध्ये कार्ला हेडन यांना पदावरून दूर करण्यात आले. स्वयंसेवी संघटनांचे अनेक प्रकल्प अशाच अनुदानांवर उभे असतात, त्यामुळे हा घाव वरवरचा नाही.

संघटनांच्या आतही एक जुने दुखणे आहे. शिष्यवृत्ती देऊन माणूस व्यवसायात आणता येतो, पण तो तिथे टिकावा अशी जागा प्रत्येक ग्रंथालयात नसते. एकटा पडलेला तरुण ग्रंथपाल दोन-चार वर्षांत दुसरी नोकरी धरतो.

इतर देशांत असे काही आहे का?

न्यूझीलंडमध्ये माओरी ग्रंथपाल आणि अभिलेखपालांची 'ते रोपू व्हाकाहाऊ' ही संघटना 1992 पासून आहे. ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे इफ्लाने, युनेस्कोबरोबर बहुसांस्कृतिक ग्रंथालयाचा जाहीरनामा काढला आहे. प्रत्येक समाजाला त्याच्या भाषेत सेवा मिळावी, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

महाराष्ट्रातल्या छोट्या वाचनालयाने यातून काय घ्यावे?

विचार आपल्याकडे नवा नाही. 1924 मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे होतेच.

आज मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू असते, नंदुरबारच्या मुलाची भिली, गडचिरोलीतल्या मुलाची गोंडी किंवा माडिया. वाचनालयात येणारे पहिले पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. गोष्टींची रात्र भरवायला शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. एका संध्याकाळी गावातल्या जाणत्या बायांना बोलवा, त्यांच्या भाषेत गोष्ट होऊ द्या, तीच गोष्ट एखाद्या मोठ्या मुलाला देवनागरीत उतरवायला सांगा आणि चित्रे काढून वही कपाटात ठेवा, दाखल नोंदवहीत क्रमांक देऊन. आणि सेवकपद रिकामे झाले तर पाड्यावरच्या मुला-मुलींपर्यंत जाहिरात पोचते की नाही, ते कार्यकारिणीने पाहावे.

मी ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी आहे. सुरुवात कुठून करू?

अमेरिकेत शिकायला जाणार असाल तर प्रवेश घेतल्यावर पहिल्याच सत्रात अपालाचे सभासद व्हा आणि मार्गदर्शक मागा. शिष्यवृत्तीच्या अटी आधी नीट वाचा. काही शिष्यवृत्त्या फक्त अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. इथेच राहणार असाल तर प्रबंधासाठी आपल्या तालुक्यातले एक वाचनालय निवडा आणि तीन याद्या करा: परिसरात कोणत्या भाषा बोलल्या जातात, सभासद कोणत्या वस्त्यांतून येतात आणि गेल्या वर्षीची पुस्तके कुणी निवडली. या तीन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कामाला कुठे हात घालायचा ते दिसेल.